माया न ठेवलेलं गॅरेज

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

पत्राच्या डोक्यावर जे काही साष्टांग-बिष्टांग घालायचं असतं ते सगळं मी घातलंय असं धरून चाला. (तो भाग नेहमी तुमचा भाऊ लिहायचा. मी फक्त खाली सही करायची आणि कागद सरळ फाडलाय का ते बघायचं.) तुमचे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब वेळेवर घालताय ना? खालच्या मजल्यावरच्या बाईंशी अबोला सुटला, की अजून जिन्यात गाठ पडली की दोघी आपापल्या भिंतीकडे बघत उतरता? इकडे सगळं ठीक आहे. मी मजेत आहे, घर मजेत आहे. गाडी मजेत नाही, पण तिच्याकडे येतेच मी.

आधी तुमचा राग. मागच्या आठवड्यात तुम्ही बोलत असताना मी फोन धाडकन आपटला, मग तुम्ही पुन्हा पुन्हा केलात तो उचलला नाही, आणि त्यावर तुम्ही चिरंजीवांना फोन करून सांगितलंत की तुझ्या आईला माझ्याशी संबंध ठेवायचे नसतील तर तिने तसं तोंडावर सांगावं, मी काही कुणाच्या गळ्यात पडायला येत नाही. हे मला शब्दन् शब्द कळलं. (मुलगा एवढ्या लांब राहतो, पण आईचं आत्याला आणि आत्याचं आईला पोचवण्यात त्याने कधी कुचराई केलेली नाही.) तर वन्सं, कागदावर लिहून देते, फोन मी आपटला नाही. आवाज झाला, कबूल. मोठा झाला, तेही कबूल. पण आपटलं ते दुसरंच काहीतरी, आणि ते का आपटलं हे समजायला तुम्हाला आधी आमच्या गॅरेजमध्ये यावं लागेल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता? (हे खरं कारण नाही. खरं कारण पुढे येईल. ड्रिलच्या बाईंना दम नसतो हे मला ठाऊक आहे, पण जन्मभर शाळेच्या मैदानात दुसऱ्यांना उन्हात उभं केलंत, आता जरा वेळ स्वतः 'विश्राम' घ्या आणि वाचा.)

गॅरेज तुम्ही पाहिलंय, पण त्यात गाडी जाताना पाहिलेली नाही, कारण तुम्ही आलात की आपण टॅक्सीने फिरायचो. माझ्या हाती स्टिअरिंग आणि शेजारी तुम्ही, हे तुमच्या तब्येतीला मानवणार नाही असं तुम्हीच जाहीर केलं होतंत. घर बांधताना ह्यांनी गवंड्याला गाडीचं माप दिलं. कुठल्या गाडीचं, तर जी अजून घेतलीही नव्हती तिचं! माहितीपत्रकात बघून दिलं, आणि अगदी बरोबर दिलं, तिथेच सगळा घोळ झाला. मी आयुष्यभर शिवणाचा वर्ग चालवला. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला एवढंच सांगायचे, की बाई गं, अंगाच्या मापाचं कापड कापलंस तर कपडा अंगात जायचा नाही, माया ठेव. शिवणीच्या आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड आपण दडवतो ना, ती माया. वरून दिसत नाही, पण उद्या माणूस अंगाने सुटला तर तीच कामाला येते. तुमच्या त्या निळ्या जाकिटाचंच घ्या. शाळेच्या समारंभात तुम्ही सलामीला हात वर केलात आणि सगळ्या शाळेसमोर काखेत टर्रकन उसवलं, ह्याबद्दल तुम्ही आजतागायत मला धारेवर धरता. पण आत माया ठेवली होती म्हणून मी त्याच संध्याकाळी ते सैल करून दिलं, हे तुम्ही कुणाला सांगत नाही. असो, जाकिटावरून पुन्हा भांडायला नको. सांगायचं ते असं, की ह्या माणसाने शिवणयंत्राची खडखड ऐकत माझ्या शेजारी सगळा संसार केला आणि गॅरेज बांधलं ते नेमकं गाडीच्या मापाचं. कुठे बोटभरही माया नाही. एका अंगाने मी पोट आत ओढून कशीबशी उतरते, दुसऱ्या अंगाने फक्त हवा जाते. लांबीला मात्र मागे थोडी जागा उरली (तीही गवंड्याच्या चुकीने), तिथे ह्यांनी वेताची खुर्ची टाकली.

ह्यांना गाडी चालवता येत नव्हती हे तुम्हाला माहीत आहे, पण का येत नव्हती ते सांगितलेलं नाही. परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांना ह्यांनी, जरा खाली उतरून मागे कोणी नाही ना बघता का, असं विचारलं. साहेब उतरले, आणि परत चढलेच नाहीत. मग मी शिकले. म्हणजे गाडी चालवायची मी आणि लावायची ह्यांनी, अशी आमची वाटणी झाली. मी बाहेर गेले की हे गॅरेजमध्ये खुर्चीवर पेपर घेऊन बसत. कोपऱ्यावर माझ्या गाडीचा आवाज आला की उठत, मागच्या भिंतीशी उभे राहत आणि सुरू करत, ये… ये… ये… ये… आणि डिकीवर दोन थापा मारून, बस! मी आरशात कधी बघितलंच नाही. कशाला बघू? लोक डोळ्यांनी गाडी लावतात, मी कानांनी लावायला शिकले. पहिलं 'ये' गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढं मोठं असायचं, आणि मी जसजशी जवळ येई तसतसा आवाज खाली खाली येत जाई. शेवटचं 'बस' तर फक्त मलाच ऐकू यायचं. समोरून जाणाऱ्यांना वाटे, ह्यांच्याकडे रोज कोण एवढं लाडाचं पाहुणं येतं?

हे गेले, आणि दुसऱ्या कुठल्या गोष्टीच्या आधी मला कळलं की मला गाडी आत घेता येत नाही. हसू नका. बाकीचं हळूहळू कळत गेलं, दुपारचा चहा एकाच कपाचा करायचा वगैरे, पण गाडीचं घराबाहेर पडले त्या पहिल्याच दिवशी कळलं. बँकेतून आले, गॅरेजसमोर गाडी उलटी वळवून उभी केली आणि बसून राहिले. कोणी 'ये' म्हणेना. बराच वेळ बसले. शेवटी गाडी रस्त्यावरच सोडली आणि घरात गेले.

चिरंजीवांना सांगितलं तर त्यांनी लगेच हौसेने उपाय पाठवायला सुरुवात केली. (लांब राहणाऱ्या मुलांना उपाय पाठवायची फार हौस असते. उपायाला रजा काढावी लागत नाही.) आधी एक व्हिडिओ आला, की छताला दोरीने चेंडू टांगायचा, तो काचेला टेकला की थांबायचं. चेंडू माझ्याकडे कुठला? दोऱ्याचं मोठं रीळ टांगलं. मांजरीने ते दोन दिवस झोंबून झोंबून पार खाली आणलं, आणि मी आपली काचेला रीळ कधी टेकतंय ह्याची वाट बघत मागे मागे जात राहिले. पुढचं सांगत नाही. मग त्याने गाडीला मागून बटणांसारखे डोळे बसवून दिले. भिंत जवळ आली की ते किंचाळतात. जरा जवळ गेलं की टीं टीं, आणखी जवळ गेलं की टींटींटींटीं, आणि अगदी जवळ गेलं की एकच न थांबणारी किंकाळी, घरात चोर शिरल्यासारखी. वन्सं, मी माझ्याच घरात येतेय! जवळ येणाऱ्या माणसावर कोणी असं ओरडतं का? ह्यांचं सगळं उलटं होतं, जवळ आलं की आवाज मऊ व्हायचा. तिसऱ्या दिवशी मी डेंटिंगवाल्याकडे गेले आणि ते डोळे बंद करायला लावले. तो म्हणाला, बाई, लोक हे बसवायला येतात, तुम्ही पहिल्याच. म्हटलं, असेन.

मग शेजारचे वकील मदतीला धावले. (तेच, ज्यांना तुम्ही मागच्या खेपेला 'छाती काढून चाला' असं सांगितलं होतंत आणि जे तेव्हापासून तुमच्याबद्दल आदराने विचारतात.) मोठ्या उत्साहाने आमच्या गॅरेजमध्ये उभे राहिले. मी खिडकीतून ओरडले, येऊ का? म्हणाले, सकृद्दर्शनी यायला हरकत दिसत नाही. आले. पुन्हा विचारलं, अजून येऊ? तर म्हणाले, दुसऱ्या बाजूचाही विचार झाला पाहिजे. दुसरी बाजू म्हणजे कुठली हे विचारेपर्यंत गाडीचा एका बाजूचा आरसा दाराच्या चौकटीवर लटकला. मी घाबरून थांबले, तर म्हणतात, थांबू नका, अद्याप बराच वाव आहे. मी वावावर विश्वास ठेवला आणि मागची फळी रंगाच्या डब्यांसकट डिकीवर आली. आपल्या घराच्या खिडक्यांना दिलेला हिरवा रंग आठवतो? तो आता गाडीलाही आहे. वकील पांढरेफटक पडले, पण डबे उचलता उचलता मला म्हणाले की, मी 'वाव आहे' एवढंच म्हटलं होतं, 'या' असं कुठेही म्हटलेलं नाही, हे आपण लक्षात घ्यावं. मी हात टेकले. पण नंतर विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. 'या' असं मला कोणी म्हटलेलंच नव्हतं.

तेव्हा ठरवलं, की कोणी म्हणत नाही तर आपणच म्हणावं. खिडकीची काच खाली करायची, घसा जाड करायचा आणि ह्यांच्या आवाजात स्वतःलाच बोलवायचं. ये… ये… ये… गाडीतही मीच आणि भिंतीपाशीही मीच. पहिल्यांदा फार लाज वाटली, इकडेतिकडे बघून घेतलं. पण काय सांगू, जमलं! गाडी सरळ आत गेली. मग रोजच सुरू केलं. भाजी आणून, ये ये ये बस. औषध आणून, ये ये ये बस. अशीच एकदा भरात येऊन मी स्वतःला बोलवत मागे मागे आले, 'बस' म्हणाले, इंजिन बंद केलं, पोट आत ओढून उतरले आणि वळून बघते तर ह्यांच्या खुर्चीवर एक माणूस बसलेला. नीट, गुडघे जुळवून, मांडीवर पिशवी घेऊन!

मी जी किंचाळले म्हणता, ते डिकीचे डोळे माझ्यापुढे काहीच नव्हेत. तोही किंचाळला. मग ओळख पटली, विजेचा मीटर वाचायला येतो तो. (मीटर गॅरेजच्या भिंतीवर आहे.) म्हटलं, अरे, इथे काय बसलायस? तर बिचारा म्हणतो कसा, काकू, तुम्हीच म्हणालात ना, ये, ये, बस, म्हणून बसलो. गाडीच्या आधी कडेकडेने धावत आत आला होता, वाट बघायला लावू नये म्हणून! चिरडला असता की हो मेला. मी पायरीवर बसले आणि मग आम्ही दोघे हसायला लागलो, ते थांबेचना. तो म्हणाला, मी एवढी घरं फिरतो, सगळे सांगतात मीटर तिकडे आहे, कुत्रा इकडे आहे, फाटक लावून घे. 'बस' कोणी म्हणालं नव्हतं, म्हणून जरा चमत्कारिक वाटलं, पण बरंही वाटलं. आता असं म्हटल्यावर चहा केल्याशिवाय कसं राहवेल? केला. दोन कपांचा केला. आधण ठेवताना पाण्याचा अंदाज चुकला नाही, ह्याचं माझं मलाच नवल वाटलं.

त्यानंतर तो आला की आधी खुर्चीवर बसे आणि मग मीटर वाची. आणि जाण्याआधी माझी गाडी आत घेऊन देई. 'या काकू, या, या', चांगलं मोकळं बोलवायचा, वकिलांसारखं नाही. आता तुम्ही म्हणाल, मीटरवाला यायच्याच दिवशी तुझी गाडी बरी बाहेर असायची. असायची बरं! तो यायच्या सुमारास मी ती मुद्दाम बाहेर काढून ठेवायचे. कुठे जायचं नसायचं. पण हेही फार काळ चाललं नाही. एक दिवस तो नवा मीटर बसवणाऱ्या माणसांना घेऊन आला, आणि म्हणाला, काकू, हा मीटर आपलं आपण वाचतो आणि आपणच ऑफिसला कळवतो. म्हणजे आता कुणी यायची गरज नाही. हे त्याने चांगली बातमी म्हणूनच सांगितलं. मीही वा वा म्हटलं. तो मीटर भिंतीवर असतो, हिरवा दिवा लुकलुकतो, एकदम हुशार आहे. चहा पीत नाही.

आता खरं कारण. वन्सं, भावाबहिणींची नाकं सारखी असतात, डोळे सारखे असतात. तुम्हा दोघांना देवाने एकच घसा वाटून दिलाय. ह्यांचा आवाज मुळातला जाड, आणि तुमचा मैदानात ओरडून ओरडून जाड झालेला, दोन्ही येऊन एकाच जागी मिळाले. हे होते तेव्हा मी ह्याची चेष्टा करायचे. तुमचा फोन आला की ह्यांना सांगायचे, घ्या, तुम्हीच बोलताय. आता तीच चेष्टा माझ्यावर उलटलीय. तुम्ही फोनवर 'जेवलीस का गं?' म्हणता आणि मी आधी खुर्चीकडे बघते. क्षणभर बघतेच. मग रडू कोसळतं, आणि ते तुम्हाला ऐकू जायला नको म्हणून मी, गॅसवर दूध आहे हं, असं सांगून फोन ठेवते. वर्षभर तुम्हाला वाटतंय की मी तुम्हाला टाळते. वन्सं, मी एकटी बाई, वर्षभर उतू जाईल एवढं दूध मी घेतच नाही.

आणि तो दिवस. मी दोरे आणून परत आले होते, गाडी गॅरेजसमोर उलटी लावली होती, नुकताच रिव्हर्स टाकला होता. चिरंजीवांनी गाडीत असं काहीतरी करून ठेवलंय की फोन आला की तो आपोआप उचलला जातो आणि बोलणाऱ्याचा आवाज गाडीभर घुमतो. कोण, कुठून, काही नाही, एकदम ह्यांचा आवाज, चारी बाजूंनी. 'अगं, ये ना. ये! किती वेळा सांगू, ये!' तुम्ही मला चार दिवस तुमच्याकडे राहायला बोलवत होतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की कोणीतरी मला बोलावतंय, नीट बोलावतंय, आणि मी आले. डोळे मिटले. (गाडी चालवताना डोळे मिटू नयेत हे मलाही माहीत आहे.) तुम्ही म्हणत राहिलात आणि मी येत राहिले. कुठे थांबायचं ह्याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही, तो करायची मला कधी सवयच नव्हती. मी 'बस'ची वाट बघत होते. आणि तुम्ही 'बस' म्हणालाच नाहीत! तुम्ही म्हणालात, 'येतेस की नाही ते एकदा सांग', आणि तेवढ्यात भिंत आली.

तर असं आपटलं ते. गाडी बंद पडली, तिच्याबरोबर ते आपोआप उचलणंही बंद पडलं, आणि फोन कुठेतरी सीटखाली जाऊन वाजत राहिला, तो तुमचाच, पुन्हा पुन्हा. माझा हात तिथवर पोचेना. मला काही लागलं नाही, घाबरू नका. डिकी आत गेली, भिंतीचा गिलावा पडला, आणि खुर्चीचा एक पाय मोडला. डिकी आणि भिंत बघून मला काही वाटलं नाही. खुर्ची बघून मात्र मी तिथेच खाली बसले आणि मोठमोठ्याने रडले, वर्षभराचं सगळं. वकील धावत आले, त्यांना वाटलं हाडबीड मोडलं, त्यांनी विचारलं, इजा नेमकी कुठे आहे? मी खुर्चीकडे बोट दाखवलं. त्यांनी खुर्ची तपासली. माणूस वाईट नाही.

चिरंजीवांचं एकच पालुपद आहे, आई, गाडी विकून टाक. त्याचंही चूक नाही. पण त्याला कसं समजवू, की गाडी नसेल तर मी घरात नुसती चालत येईन, कुलूप काढेन आणि आत जाईन. त्यात कुणी 'ये' म्हणायचा प्रश्नच येत नाही.

असो. फार लांबलं. तर राग सोडावा आणि माझी काळजी करू नये. मला काही एकटं-बिकटं वाटत नाही, वेळ कसा जातो कळत नाही, आणि कसली म्हणून उणीव नाही. प्रकृतीला जपा, थेंब चुकवू नका, खालच्या बाईंशी बोला.

तुमची,
फोन न आपटलेली वहिनी

ता.क. वर 'कसली उणीव नाही' असं लिहिलंय ते पत्रात लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलंय. खरं म्हणजे हे पत्र एका कामासाठी लिहायला घेतलं होतं आणि कामच राहिलं. तुम्ही इकडे या. चार दिवस नाही, राहायलाच या म्हणतेय मी, पण चार दिवस म्हटलं तर तुम्ही निघाल, म्हणून चार दिवस. गॅरेजमध्ये मागे उभं राहायचं आणि मला गाडी आत घेऊन द्यायची, एवढंच काम आहे. तुमच्या आवाजाला मी आता पळून जाणार नाही. रडले तर रडले, रडत रडत गाडी लावीन. तुमचं 'ये' म्हणून झालंय, 'बस' तेवढं राहिलंय.

आणखी ता.क. येताना ते निळं जाकीट आणा. तुम्ही अंगाने सुटला असालच (रागावू नका, गुडघ्यांमुळे म्हणतेय). आत अजून माया शिल्लक आहे, मी तपासून ठेवली होती.

शेवटचं ता.क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते पुन्हा उघडलं. आज सकाळी गाडी गेली. डेंटिंगवाल्याने गिऱ्हाईक आणलं, नवीनच शिकलेली एक मुलगी होती. मी हो म्हणून टाकलं. चिरंजीवांसाठी नाही, भिंतीसाठीही नाही. पुढच्या खेपेला त्या खुर्चीवर कोणी बसलेलं असलं तर, एवढाच विचार केला. तर ती मुलगी गाडी बाहेर काढायला लागली आणि मी भिंतीपाशी नुसती उभी. आत येणाऱ्याला काय म्हणायचं ते मला पाठ आहे, बाहेर जाणाऱ्याला काय म्हणतात ते ह्यांनी कधी शिकवलंच नाही. शेवटी वकील रस्त्यावर उभे राहून ओरडायला लागले, जाऊ दे… जाऊ दे… जाऊ दे… गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते म्हणतच होते. मला आधी वाटलं, अजून तिलाच सांगतायत. मग बघितलं तर त्यांचं तोंड माझ्याकडे होतं.

तेव्हा आता तुम्हाला बोलवायला गाडीचं निमित्त उरलेलं नाही. तरी या. गॅरेज झाडून घेतलंय. रिकामं केवढं मोठं दिसतं म्हणून सांगू, आता तिथे सगळी मायाच माया आहे. खुर्चीचा पाय सुताराकडून नवा लावून घेतला, मी स्वतः बसून बघितलं, डुगडुगत नाही. टॅक्सीवाल्याला बाहेर थांबू नको म्हणावं, गाडी उलटी लाव आणि सरळ आत घे. तुम्ही काच खाली करा आणि आरशात बघू नका. मी भिंतीपाशी उभी असेन. कधी थांबायचं ते मी सांगते.

या… या… या… या… बसा.